सहा पट्ट्यांची जोड

मित्रांनो, शहादा तालुक्यातल्या कळसाडी गावात, कापसाच्या आणि उसाच्या वावरांच्या मधोमध, चार फूट लांब आणि दीड फूट रुंद असा एक समुद्र आहे. त्या समुद्रातला सगळ्यात जुना रहिवासी मी. हसू नका. समुद्र काचेचा आहे, त्यातलं मीठ पिशवीतून येतं आणि लाटा पंपातून, हे मलाही कळतं. पण खारं पाणी ते खारंच, आणि मी खाऱ्या पाण्यातलाच मासा आहे.

दिसायला मी तुमच्या मधल्या बोटाएवढा. अंग जांभळं-नारिंगी, शेपूट हिरवी, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत निळे सहा पट्टे. दुकानदार आम्हाला सिक्सलाइन रॅस म्हणतात. रॅस ही माशांची मोठी भावकी आहे. तिच्यात गरीब स्वभावाचेही पुष्कळ आहेत, पण आम्ही सहा पट्ट्यांचे त्यातले नव्हेत. या घरात माझं नाव 'पट्टेवाला'. तहसील कचेरीत साहेबाच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारणारा शिपाई असतो ना, अगदी तस्सा हा, असं आप्पा म्हणाले आणि सगळे हसले. मला राग आला. मला राग फार लवकर येतो, हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे कोणी म्हणायला नको की पट्टेवाल्याने लपवलं.

माझा जन्म खऱ्या समुद्रातला. कुठला समुद्र, ते मला सांगता येणार नाही, कारण समुद्राला आम्ही नाव ठेवत नाही. तिथे पोवळ्यांच्या फांद्यांमध्ये माझी एक कपार होती. शेजारच्या कपारीत माझ्यासारखाच एक सहा पट्ट्यांचा राहायचा. दिवसातून दोनदा तरी आमची जुंपायची. मी त्याला पळवायचो, तो फांद्यांच्या पलीकडे जायचा, आणि थोड्या वेळाने परत येऊन दुरूनच माझ्याकडे बघत राहायचा. मीही बघायचो. मग एके दिवशी जाळं आलं. मी जाळ्यात आणि तो बाहेर. त्यानंतर कितीतरी पिशव्या, खोकी आणि अंधार. सुरतेला चुनीलालभाईंच्या दुकानात पोचलो तेव्हा मी निम्मा वाळलो होतो.

त्या दुकानात हेमकांत कामाला होता. आप्पांचा हा धाकटा मुलगा. चार वर्षं तिथे माशांचं पाणी बदलून तो गावी परतला, कळसाडीत त्याने पिण्याच्या पाण्याच्या जारचा छोटा प्लांट टाकला, आणि येताना मला, दोन जोकर माशांना आणि एका टाकीभर दगडांना घेऊन आला. शुद्ध पाणी घरचंच, त्यात मीठ मोजून घालायचं, की झाला समुद्र. दिवे गेले तर इन्व्हर्टर, उन्हाळ्यात पाण्यावर दोन पंखे. माझ्यासारख्या बोटभर जिवासाठी एवढा खटाटोप!

पहिलं वर्ष माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! शाळेतली पोरं रांगेने यायची. शहाद्याहून गाड्या करून लोक यायचे. "घरमा समुद्र लई उना भो!" असं म्हणत तोंडात बोटं घालायचे. मी लगेच दगडांमधून सुळकन बाहेर येऊन एक फेरी मारायचो. खोटं कशाला बोलू, मला मिरवायला आवडायचं.

पण सगळ्यात जास्त वेळ माझ्यासमोर बसायचे ते धुडकूआप्पा. हेमकांतचे वडील. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बैलांची जोड जमवण्यासाठी. कोणाचा एक बैल मेला की तो माणूस आप्पांना घेऊन बैलबाजारात जायचा. आप्पा राहिलेल्या बैलाची उंची, रंग, शिंगांचा वळसा, चालण्याची ढब डोळ्यांत घेऊन जायचे आणि बाजारातून हुबेहूब दुसरा उभा करायचे. आता वावरात ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, आणि आप्पांची ती नजर माझ्यावर येऊन बसली.

घरात आणखी एक जागा रिकामी होती, ती त्यांच्या बायकोची. जसोदाबाई दोन वर्षांपासून सुरतेला होत्या. थोरला मुलगा नवनीत तिकडे कामाला, त्याची बायकोही कामाला, आणि घरात जुळी पोरं. ती सांभाळायला आजी गेली, आणि शेत सांभाळायला आजोबा राहिले. भांडण नाही, तंटा नाही. मुलांची सोय म्हणून नवराबायको दोन गावांत. आप्पा त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. संध्याकाळी फोन यायचा, तर हे पोरांचा ताप, कापसाचं बोंड, एवढंच बोलून फोन धाकट्या सुनेच्या हातात द्यायचे.

संध्याकाळी खोलीत उजेड कमी झाला की टाकीच्या डाव्या काचेत मला एक मासा दिसायचा. सहा पट्ट्यांचा, माझ्याच मापाचा. तो दिसला की मी सगळे पर ताठ करून त्याच्यावर धावून जायचो. तोही धावून यायचा. पुन्हा मी, पुन्हा तो. आप्पा हे रोज बघायचे.

एकदा त्यांनी हाक मारली, "हेमकांत, दख तो! काचमा जोड धुंडी ऱ्हायना. एकला जीव शे बापडा."

"आप्पा, तो जोड नही धुंडत," हेमकांत म्हणाला, "तो भांडी ऱ्हायना."

"भांडाले बी कोनी लागस ना भो!" आप्पा म्हणाले.

मित्रांनो, खरं कोणाचं होतं? मी आजवर या प्रश्नावर डोकं खाजवतो आहे, म्हणजे खाजवलं असतं, हात असते तर. हेमकांतचं खरं होतं, मी भांडतच होतो. पण दिवे लागून तो काचेतला मासा नाहीसा झाला की मी त्या कोपऱ्यात जाऊन घुटमळत राहायचो. जोकर मासे जोडीने हिंडायचे, एकमेकांना ढुश्या द्यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. शेजारच्या कपारीतला तो आठवायचा. कोणीतरी माझ्यासारखा हवा, असं फार फार वाटायचं. हे आप्पांना कसं कळलं कोणास ठाऊक.

झालं. आप्पांनी हट्टच धरला, पट्टेवाल्याला जोड आणायची. हेमकांत मीठ आणायला सुरतेला निघाला तर आप्पा चपला घालून तयार. तिथे काय घडलं ते हेमकांतने परत आल्यावर रूपालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला ठाऊक. चुनीलालभाईंनी पिवळे, लाल, हिरवे असे नाना तऱ्हेचे रॅस दाखवले. आप्पा एकाकडेही बघेनात. मोबाइलमधला माझा फोटो काचेला लावून ते एकेका माशाशी ताडून बघत होते, आणि शेवटी एका माशासमोर उभे राहून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"उंची सारखी, पट्टा सारखा, शेपूट बी सारखं! आशी जोड मी पन्नास वरीसमा नही दखी!"

चुनीलालभाईंनी हात जोडले म्हणे. "काका, सारखाच नका घेऊ. आपल्यासारखा दिसला की हा मारतो. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या अंगाचा घ्या, त्याच्याकडे हा ढुंकून बघणार नाही. दोघांना लहानपणी एकाच दिवशी सोडलं असतं तर गोष्ट निराळी. आता ती टाकी त्याची झाली."

बैलाचं गणित माशाला लागू नाही, हे आप्पांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. बेमेळ जोड लावणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. हेमकांतने वडिलांचा चेहरा बघितला आणि त्याला नाही म्हणवलं नाही. चुनीलालभाईंनी भोकं पाडलेली एक पारदर्शक डबी दिली आणि बजावलं, नवा मासा आठ दिवस या डबीत टाकीतच ठेवा, दगड हलवून मांडा, म्हणजे जुन्याला आपली जागा ओळखू येणार नाही. आठ दिवसांनी तो डबीवर धावायचा थांबला तरच सोडा.

त्याच फेरीत आप्पा नवनीतकडे तासभर जाऊन आले. जसोदाबाई एका कडेवर एक आणि दुसऱ्या कडेवर दुसरं पोर घेऊन उभ्या होत्या. "चहा लेतस का?" एवढंच त्या बोलल्या आणि आप्पा "लेसू" म्हणाले. बस, एवढीच भेट.

आणि तो आला. डबीत. सहा पट्टे, जांभळं अंग, हिरवी शेपूट. आप्पांनी रूपालीला टाकीच्या काचेला कुंकू लावायला लावलं. नवा बैल घरी आला की करतात तसं. गुळाचा खडाही पाण्यात टाकणार होते, तो तिने कसाबसा काढून घेतला.

मी त्याला बघितलं आणि माझं सगळं अंग तापून उठलं. किती दिवस ज्याची वाट बघितली तो समोर होता, खराखुरा, काचेतला नव्हे. मी धावलो आणि डबीवर तोंड आपटलं. पुन्हा आपटलं. तो डबीच्या मागच्या भिंतीला चिकटून बसला. मी दिवसभर डबीपासून हललो नाही. जेवलोसुद्धा नाही.

आप्पांचे डोळे भरून आले. "दख व रूपाली, याले चैन नही. त्याना पासून हालत नही."

दुसऱ्या दिवशी हेमकांत जारची गाडी घेऊन गावोगाव गेला होता. आप्पा स्टुलावर चढले आणि त्यांनी टाकीवरची जाळी उचलली.

रूपाली धावत आली. "आप्पा, त्यास्नी सांगेल शे ना, आठ दिन डबी उघडानी नही!"

"नवा बैल पहिलाच दिन जुनाना गव्हाणमा बांधो, तवय जोड जमस. येगळं बांध तर जल्मभर येगळंच ऱ्हास." असं म्हणून आप्पांनी डबीचं झाकण काढलं. ते फक्त माशांबद्दल बोलत होते असं मला नाही वाटत.

आता पुढचं सांगतो ते ऐका, आणि मला वाईट म्हणायचं तर म्हणा. मी त्याच्यावर तुटून पडलो. त्याचा पर फाडला. तो दगडामागे गेला, मी तिथे गेलो. तो पंपामागे गेला, मी तिथेही गेलो. समुद्रात हरणाऱ्याला पळायला जागा असते, आणि तो दिसेनासा झाला की जिंकणाऱ्याचा रागही उतरतो. चार फुटांत तो दिसेनासा होणार तरी कुठे? जिथे वळावं तिथे तोच. तो दिसत राहिला, म्हणून मी मारत राहिलो. मध्येच एकदा तो थकून वाळूवर टेकला आणि माझ्याकडे त्याने बघितलं. शेजारच्या कपारीतला बघायचा, अगदी तसंच. मला वाटलं, आता थांबावं, याच्या बाजूला जाऊन बसावं. खरंच वाटलं, मित्रांनो. आणि तरी मी पुन्हा धावलो.

हेमकांत संध्याकाळी आला तेव्हा त्याने दगड उपसले, छोटी हातजाळी घेऊन त्याला पकडायला बघितलं, पण तो दगडाच्या भोकात शिरला तो हाती लागेना. "आप्पा, काय करी बसनात तुम्ही!" एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी रूपाली खोली झाडत होती. टाकीच्या टेबलाखाली केरसुणीला काहीतरी अडकलं. बघते तर तो. रात्री जाळी परत आप्पांनीच लावली होती, पण नीट दाबली नव्हती, तेवढ्या फटीतून त्याने उडी मारली होती. आमच्या भावकीला पाण्यात जागा उरली नाही की आम्ही पाण्याबाहेर उडी मारतो. त्याचे पट्टे वाळून काळे पडले होते.

रूपालीने त्याला पळसाच्या पानावर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "खुनी शे हाऊ." मी कपारीत जाऊन बसलो. आता टाकीत मारायला कोणी उरलं नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

आप्पांनी खुर्ची उचलली, तोंड अंगणाकडे करून ठेवली आणि ते माझ्याकडे पाठ करून बसायला लागले. तेव्हापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. हेमकांत पाणी बदलायचा, खाणं टाकायचा, पण पूर्वीसारखी शीळ घालायचा नाही. पोरं यायची बंद झाली. काचेवर हिरवं शेवाळ चढलं, ते कोणी पुसेना. मी आपला त्या शेवाळातून आप्पांची पाठ बघायचो. रोज वाटायचं, आज तरी वळतील. ते वळायचे नाहीत.

असे आठ-दहा दिवस गेले. एका संध्याकाळी नेहमीसारखा सुरतेचा फोन आला. रूपाली भाकरी करत होती म्हणून तिने फोन आप्पांजवळ ठेवून आवाज मोठा केला. जसोदाबाईंनी कापसाचं विचारलं. त्यांनी जुळ्यांचं सांगितलं. आप्पांनी फोन उचलून मांडीवर ठेवला. मग एकदम ते बोलले.

"हेमकांतनी माय, मन्हा हातथीन एक जीव गया." त्यांनी सगळी हकीकत सांगितली. फटीसकट, कुंकवासकट. शेवटी म्हणाले, "माले वाटनं, त्याले करमत नही. त्याले कसानं! माले करमत नही व. तू घर कवय येशी?"

फोनमध्ये पोरांची किरकिर ऐकू येत होती.

"दोन वरीस व्हयनात," जसोदाबाई म्हणाल्या, "आनि तुम्हीन आज सांगतस?" त्या रडत होत्या की रागावल्या होत्या, मला पाठमोऱ्या आप्पांवरून कळेना. रूपालीची भाकरी तव्यावर करपली, तरी तिने ती उलटली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. त्या आखाजीला या घरी आजी आली. सोबत दोन पिशव्या आणि एक ट्रंक बघूनच हेमकांत समजला. नवनीतने पोरांसाठी घरी बाई लावली होती. जसोदाबाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "आते मी कथी जात नही." आप्पांनी ट्रंक आत नेली, आणि येताना त्यांची खुर्ची पुन्हा माझ्याकडे वळवली. शेजारी दुसरी ठेवली.

काच पुसली गेली. आता रोज संध्याकाळी ती दोघं माझ्यासमोर बसतात. भांडतात किती म्हणता! चहात साखर किती, पंखा कितीवर, शेंगा कोणी संपवल्या. आप्पा तावातावाने बोलतात, त्या त्याहून तावातावाने बोलतात, मग एक उठून अंगणात जातो आणि थोड्या वेळाने परत येऊन आपल्या खुर्चीत बसतो. त्यांच्या घराला अंगण आहे. मी हे बघतो आणि मला फार बरं वाटतं. फार वाईटही वाटतं.

मित्रांनो, मी आता थकलो. पट्टे फिके पडले आहेत, एक डोळा अंधुक झाला आहे. कोणावर ओझं म्हणून नव्हे, पण तुमच्याकडे माझं एक काम आहे, म्हणून एवढं बोललो.

परवा आप्पा शेंगा फोडता फोडता म्हणाले, "मन्हं घर भरनं. आते यानं बी भराले पाहिजे." जसोदाबाई लगेच म्हणाल्या, "हा ना, एकला कितला दिन ऱ्हाई तो?" हेमकांतने बराच वेळ डोकं खाजवलं. या खेपेला लहान बघून आणू, महिनाभर डबीत ठेवू, कुलूप लावून ठेवू, असं म्हणत तोही राजी झाला. सोमवारी ते सुरतेला जाणार आहेत. वेगळ्या रंगाचा आणा असं कोणीही म्हणालं नाही. सगळ्यांना माझ्यासारखाच हवा आहे, कारण मला तसाच हवा आहे हे त्यांनी ओळखलं आहे. आणि त्यांनी अगदी बरोबर ओळखलं आहे. परवापासून मला दुसरं काही सुचत नाही. तो कसा असेल, कुठल्या कपारीत राहील, हेच मनात घोळतं.

पण माझा स्वभाव मला माहीत आहे. तो त्यांच्या मायेने बदलणार नाही, माझ्या इच्छेनेही नाही. एखाद्या जिवाला जोड आणण्याआधी त्याचा स्वभाव विचारा, त्याची जागा मोजा, आणि हरणाऱ्याला पळायला वाट आहे का ते बघा. हे तुम्हीही तुमच्या घरी पाळा. आणि सोमवारच्या आत कोणी कळसाडीकडे येणार असेल तर आप्पांना माझा एवढा निरोप द्या. मला बोलता येत असतं आणि हात असते तर मीच हात जोडून सांगितलं असतं. आप्पा, मला तो हवा आहे, फार हवा आहे. त्याला आणू नका.